टपावरचा भार आणि घाटातला तोल

पावसाळा ओसरला की पुण्या-मुंबईतील वाहनशौकिनांना डोंगरदऱ्यांचे वेध लागतात. कोणी सह्याद्रीच्या घाटवाटांनी कोकणात उतरतो, कोणी स्पिती किंवा लडाखचा बेत आखतो. गेल्या काही वर्षांत यासाठी खास बनवलेल्या गाड्याही बाजारात आल्या आहेत. महिंद्रची नवी ‘थार’ २०२० साली आली, मारुती सुझुकीची पाच दारांची ‘जिम्नी’ २०२३ मध्ये आणि पाच दारांची ‘थार रॉक्स’ २०२४ मध्ये. फोर्सची ‘गुरखा’ही २०२४ पासून पाच दारांत मिळू लागली. गाडी घरी आली की पाठोपाठ साहित्याची खरेदी सुरू होते, आणि त्या यादीत पहिले नाव बहुधा टपावरच्या कॅरिअरचे असते.

ही खरेदी बहुतेक वेळा नजरेने होते. गाडीवर काय शोभेल, याचा विचार आधी होतो. त्यावर किती वजन चालेल, हा प्रश्न मागाहून येतो किंवा येतच नाही. वास्तविक कॅरिअर ही गाडीच्या तोलाला हात घालणारी वस्तू आहे. त्यामुळे टपावर काय ठेवायचे, यापेक्षा काय ठेवायचे नाही, हे आधी ठरवावे लागते. ते एकदा ठरले की कॅरिअरची आणि आतील साठवणीच्या साहित्याची निवड सोपी होते.

भरलेल्या टपाचे आकर्षण

टपावर सामान लादणे महाराष्ट्राला नवे नाही. एस.टी.च्या जुन्या गाड्यांना मागे शिडी आणि वर कॅरिअर असे. भाजीच्या पाट्या, सायकली, लग्नघरचे सामान सारे वर चढे. पश्चिम महाराष्ट्रातील ‘वडाप’च्या जीपगाड्यांनी तीच परंपरा पुढे चालवली. मात्र शहरी वाहनधारकाच्या मनातील कॅरिअरचे चित्र तेथून आलेले नाही. १९८० ते २००० या काळात झालेल्या ‘कॅमल ट्रॉफी’ या मोहिमांमधील पिवळ्या लँड रोव्हर गाड्यांनी ते जगभर रुजवले. टपावर डबे, फावडी, जादा चाके आणि दिवे अशा त्या गाड्या होत्या. त्या गाड्यांना आठवडेच्या आठवडे वस्तीपासून दूर राहायचे असे. त्यांचे चालक खास निवडलेले व प्रशिक्षित होते आणि वेगही बेताचा असे. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गाने ताशी १०० किलोमीटरने निघून दुपारी ताम्हिणी घाटात पोहोचणाऱ्या कुटुंबाची गरज निराळी असते.

आधी वजनकाटा, मग दुकान

प्रत्येक गाडीची दोन वजने उत्पादकाने ठरवून दिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे आणि दुसरे माणसे व सामान यांसह चालू शकणारे कमाल वजन. या दोहोंतील फरक हीच गाडीची खरी वहनक्षमता. टायर, स्प्रिंगा, ब्रेक, ॲक्सल या सर्वांची रचना त्या कमाल वजनाच्या आतच भरवशाने काम करील अशी केलेली असते.

‘जिम्नी’चे उदाहरण घ्या. पाच दारांच्या जिम्नीचे रिकामे वजन १२१० किलोपर्यंत आहे आणि भारासह कमाल वजन १५४५ किलो. म्हणजे हाती उरतात ३३५ किलो. सरासरी ७० किलोची चार माणसे बसली की २८० किलो संपले, उरले ५५. आता ३५ किलोचे पोलादी कॅरिअर टपावर बसवले तर २० किलो शिल्लक राहतात. वीस लिटर पाण्याने भरलेला एकच कॅन चढवला की मर्यादा संपली. कपडे, तंबू, स्वयंपाकाचे सामान आणि अवजारे अजून गाडीबाहेरच आहेत. त्याच गाडीतून दोघेच जाणार असतील, तर मात्र माणसांखेरीज १९५ किलोंची मुभा मिळते. सामान तेच, गाडीही तीच. पण माणसे किती यावर कॅरिअर परवडते की नाही हे ठरते.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एक साधे काम करावे. प्रवासाला न्यायचे सर्व सामान एकदा घरातच मांडून तोलावे आणि त्याची यादी करावी. जमल्यास इंधन भरून, सर्व माणसे व सामान घेऊन गाडी महामार्गावरील वजनकाट्यावर न्यावी. मालमोटारींसाठीचा काटा दोन-पाच किलोंचा फरक दाखवणार नाही. पण मर्यादा शंभर किलोंनी ओलांडली असेल, तर ते त्यावर हमखास दिसते.

टपाची स्वतंत्र मर्यादा

गाडीची एकूण वहनक्षमता शिल्लक आहे, म्हणून ते सारे वजन टपावर ठेवता येते असे नाही. टपाची मर्यादा वेगळी असते आणि ती गाडीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत पाहावी. तेथे तसा आकडा नसेल, तर अधिकृत विक्रेत्याकडून तो लेखी मागावा. या मर्यादेत कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरलेले असते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. टपाची मर्यादा ७५ किलो आणि कॅरिअर ४० किलोचे असेल, तर सामानासाठी केवळ ३५ किलो उरतात. कॅरिअर विकणाऱ्याने ‘दीडशे किलो पेलते’ असे सांगितले, तरी तो आकडा कॅरिअरचा असतो, गाडीच्या टपाचा नव्हे. कॅरिअर, ते टपाला धरून ठेवणारे पाय आणि टप, या तिन्हींत ज्याचा आकडा सर्वांत लहान, तोच पाळायचा.

चालत्या आणि उभ्या गाडीची मर्यादाही एक नसते. उभ्या गाडीवर केवळ वजन असते. चालत्या गाडीवर खड्डे, वळणे आणि ब्रेक यांचे धक्के त्या वजनाला अनेक पटींनी हिसका देतात. २०२० मध्ये भारतात आलेल्या नव्या लँड रोव्हर ‘डिफेंडर’साठी उत्पादकाने चालत्या गाडीच्या टपावर १६८ किलो, तर उभ्या गाडीच्या टपावर ३०० किलो अशी मर्यादा दिली आहे. टपावरच्या तंबूचे गणित यातूनच सुटते. रात्री तंबूत झोपलेल्या दोघांचे वजन उभ्या गाडीच्या मर्यादेत बसते. पण प्रवासात घडी घातलेला तंबू आणि कॅरिअर मिळून चालत्या गाडीच्या मर्यादेत बसायला हवेत.

या साऱ्या मर्यादा बहुधा चांगल्या रस्त्यासाठी सांगितलेल्या असतात. वाट दगडधोंड्यांची असेल, तर डांबरी रस्त्यासाठीच्या आकड्याच्या दोनतृतीयांश एवढाच भार ठेवावा, असा सल्ला कॅरिअर बनवणाऱ्या कंपन्याही देतात. म्हणजे रस्त्यावर ७५ किलो चालत असतील, तर आडवाटेला ५०.

तोलाचे गणित

टपावरच्या भाराचा खरा धोका टप वाकण्याचा नसून गाडी कलंडण्याचा आहे. दोन चाकांमधील रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की गाडी किती स्थिर आहे याचा एक ढोबळ अंक मिळतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ च्या मॉडेलांपासून गाड्यांच्या उलटण्याच्या धोक्याचे मूल्यमापन याच अंकाच्या आधारे सुरू केले. त्या प्रशासनाच्या मते साध्या मोटारींचा हा अंक साधारण १.३० ते १.५० असतो, तर एसयूव्हींचा १.०० ते १.३०. जमिनीपासून उंच असणे हा या गाड्यांचा गुण, आणि तोच त्यांचा दोष.

समजा, १७०० किलोंच्या एका गाडीच्या चाकांमधील रुंदी १.५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर आहे. तिचा अंक १.०७ येतो. आता जमिनीपासून १.९ मीटरवर, म्हणजे टपावर, १०० किलोंचा भार ठेवला, तर गुरुत्वमध्य सुमारे ०.७७ मीटरवर चढतो आणि अंक ०.९८ पर्यंत घसरतो. हाच भार गाडीच्या तळावर, ०.६ मीटर उंचीवर ठेवला, तर अंक १.०८ राहतो; तो कमी तर होत नाहीच, उलट किंचित वाढतो. वजन तेवढेच, पण वर ठेवल्याने स्थैर्य सुमारे ९ टक्क्यांनी घटले.

कोनाच्या भाषेत सांगायचे, तर बाजूच्या उतारावर कागदोपत्री ४७ अंशांना कलंडणारी ही गाडी आता ४४ अंशांना कलंडेल. तीन अंशांचा फरक किरकोळ वाटतो. परंतु स्प्रिंगा दबणे, टायर वाकणे आणि गाडी हिंदकळणे यांमुळे प्रत्यक्षातील मर्यादा कागदावरच्या आकड्याहून बरीच अलीकडे असते. आधीच कललेल्या वाटेवर वरच्या बाजूचे चाक १५ सेंटिमीटर उंचीच्या दगडावर चढले, तर जवळजवळ सहा अंशांचा कल एका क्षणात वाढतो. अशा वेळी हातचे तीन अंश मोलाचे असतात. घाटात समोरून अचानक गाडी आल्यावर दिलेल्या झटक्याच्या वळणातही हेच घडते. चालकाच्या हाताला परिचित असलेली गाडी ती राहिलेली नसते.

यावरून नियम एकच निघतो. जड वस्तू खाली, मध्यभागी आणि दोन ॲक्सलच्या मध्ये. हलक्या पण जागा व्यापणाऱ्या वस्तू वर. वळकट्या, स्लीपिंग बॅगा, घडीच्या खुर्च्या, रिकामे डबे, ओली ताडपत्री हा टपावरचा माल. पाणी, अवजारे, बॅटरी, डब्यातील शिधा हा तळावरचा.

कॅरिअर कोणते?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला, टपावर आडव्या बसणाऱ्या दोन किंवा तीन दांड्यांचा. वजन कमी, किंमत कमी, काढणे-घालणे सोपे. वर्षातून दोन-चार सहली करणाऱ्यांना तो पुरेसा ठरतो. दुसरा, चारी बाजूंनी कठडा असलेल्या टोपलीचा. त्यात लहानसहान बोचकी नीट बसतात. मात्र कठड्यामुळे उंची व वजन वाढते आणि लांब वस्तू बसत नाहीत. तिसरा, सपाट फळ्यांचा. ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांना खाचा असतात आणि त्यांत हवे तेथे कडे सरकवून पट्टा बांधता येतो. तंबू, पेटी, फावडे, शिडी असे वेगवेगळे सामान नेणाऱ्यांसाठी तो सोयीचा. पण किंमत सर्वांत जास्त.

धातूची निवडही वजनाशीच निगडित आहे. पोलादी कॅरिअर स्वस्त, कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात बनणारे आणि वाटेत मोडल्यास गावातल्या वेल्डिंगवाल्याकडेही दुरुस्त होणारे असते. पण ते जड असते, आणि कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत पावडर कोटिंगला एक ओरखडा पडला तरी तेथून गंज धरतो. ॲल्युमिनियम हलके व न गंजणारे. पण तडा गेला तर त्याचे वेल्डिंग सर्वत्र होत नाही. टपाची मर्यादा कमी असलेल्या गाडीवर हलक्या कॅरिअरचे चार पैसे जास्त गेले, तरी प्रत्येक वाचलेला किलो सामानासाठी मिळतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कॅरिअर टपाला कशाने धरले आहे, हा होय. जिम्नीसारख्या गाडीच्या टपाच्या कडेला पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. तिला चिमट्यासारखे धरणारे पाय लावले, तर छिद्र न पाडता भार टपाच्या मजबूत कडांवर विभागला जातो. काही गाड्यांना उत्पादकानेच टपावर नटबोल्टच्या जागा ठेवलेल्या असतात. तेथे बसेल असेच कॅरिअर घ्यावे. उभ्या शोभेच्या दांड्या मात्र नीट तपासाव्यात. काही खरोखर भार पेलतात, काही केवळ नावापुरत्या चिकटवलेल्या असतात. कापडी टपाच्या गाडीवर टपाचा आधार मुळातच नसतो. तेथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेला बाहेरचा पिंजराच लागतो, आणि त्याचे वजन ध्यानात घेतले की तो बेत बहुधा सोडून द्यावासा वाटतो.

टपाला छिद्रे पाडून बोल्ट ठोकण्याचा उपाय शक्यतो टाळावा. छिद्रातून पावसाचे पाणी झिरपते, आतून गंज चढतो आणि अस्तर कुजते. शिवाय अनेक नव्या गाड्यांत खिडक्यांवरील पडदा-एअरबॅग टपाच्या कडेला, अस्तराच्या आत घडी करून ठेवलेली असते. तेथे पोहोचलेला एक बोल्ट ती निकामी करू शकतो.

वारा, इंधन आणि कमानी

कॅरिअरचा खर्च बिलावर संपत नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या इंधनबचत मार्गदर्शनानुसार टपावर मोठी, बोथट पेटी असेल, तर शहरात इंधनक्षमता २ ते ८ टक्क्यांनी घटते, महामार्गावर ६ ते १७ टक्क्यांनी, आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटर वेगाला १० ते २५ टक्क्यांनी. तेवढेच सामान गाडीच्या मागे लावलेल्या पेटीत ठेवल्यास महामार्गावरील घट १ ते ५ टक्केच असते. म्हणून सहज निघणारे कॅरिअर घ्यावे आणि सहल संपली की ते खरोखरच काढून ठेवावे. वर्षातील पाच सहलींसाठी उरलेले तीनशे दिवस कार्यालयाच्या वाटेवर इंधन जाळण्यात शहाणपण नाही.

उंचीचाही हिशेब आहे. जिम्नीची उंची १.७२ मीटर, गुरखा दोन मीटरहून उंच. त्यावर कॅरिअर आणि पेटी चढली की तळघरातील वाहनतळ, सोसायटीची कमान, हॉटेलचा मांडव आणि आडवाटेवरच्या झुकलेल्या फांद्या हे सारे अडथळे होतात. भरलेल्या गाडीची एकूण उंची मोजून तो आकडा समोरच्या काचेच्या आतल्या कोपऱ्यात, चालकाला दिसेल असा चिकटवून ठेवावा.

गाडीच्या पोटातील जागा

कॅरिअर घेण्याआधी गाडीच्या आत किती जागा वाया जाते, ते पाहावे. जिम्नीत मागची आसने उभी असताना सामानाला २०८ लिटर जागा मिळते. ती मोठ्या चाकांच्या बॅगांनी लगेच भरते. मऊ कापडी सॅकमध्ये तेच कपडे निम्म्या अडचणीत बसतात. साठवणीचे साहित्य निवडताना पहिला खर्च अशा सॅक, झाकणाचे चौकोनी डबे आणि मजबूत जाळी यांवर करावा.

खणांची व्यवस्था सोयीची असते. तळाला खण, त्यावर फळी, आणि फळीवर हलके सामान. त्यामुळे जड वस्तू आपोआप खाली राहतात. परंतु जाड प्लायचे खण आणि त्यांचे लोखंडी चॅनेल मिळून चाळीस-पन्नास किलो सहज भरतात. छोट्या गाडीत ही चैन परवडत नाही. तेथे तळाला पट्ट्याने बांधलेले दोन डबे तेच काम करतात. खण करून घेतलेच, तर ते गाडीच्या मूळ बोल्टच्या जागांना जोडावेत आणि जॅक व पाना बाहेर काढण्यासाठी सारे सामान उतरवावे लागणार नाही, अशी सोय ठेवावी. चाक पंक्चर होते ते बहुधा पावसात आणि चिखलात.

आतील सामान मोकळे ठेवणे हा दुसरा मोठा धोका. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकेने एकदशांश सेकंदात थांबली, तर आतील प्रत्येक सुटी वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे चौदा पट जोराने पुढे झेपावते. पाच किलोंची अवजारांची पेटी तेव्हा ७० किलोंच्या भारासारखी पुढच्या आसनावर आदळते. आसनपट्टा बांधलेल्या माणसालाही ती सोडत नाही. सामान आसनाच्या पाठीच्या उंचीपर्यंतच रचावे. त्याहून वर गेले, तर आसनांमागे पक्की जाळी हवीच.

मागच्या दारावरही मर्यादेतच भार टाकावा. थार, जिम्नी आणि गुरखा या तिन्हींच्या मागच्या दारावर जादा चाक लटकलेले असते. त्याच दारावर शिडी, डब्याची चौकट आणि घडीचे टेबल चढवले की बिजागऱ्या ओघळतात, दार नीट लागत नाही आणि फटीतून धूळ आत येते. मागे लावलेल्या कोणत्याही वस्तूने नंबरप्लेट किंवा दिवे झाकले जाणार नाहीत, हेही पाहावे.

पाणी आणि इंधन

वीस लिटरचा पत्र्याचा चपटा कॅन ही या हौसेची जणू खूणच झाली आहे. त्याचा मूळ आराखडा १९३७ मध्ये जर्मन सैन्यासाठी तयार झाला. ब्रिटिश सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणत, त्यावरून तो ‘जेरीकॅन’ झाला. तो टपावर शोभून दिसत असला, तरी पाण्याने भरल्यावर कॅनसह पंचवीस किलोंच्या घरात जातो. चार कॅन टपावर म्हणजे वरच्या उदाहरणातील १०० किलो पुरे झाले. पाण्याचे कॅन पुढच्या आसनांच्या मागे, तळाशी, पट्ट्याने आवळून ठेवावेत. एका मोठ्या टाकीपेक्षा दोन-तीन लहान कॅन बरे. अर्ध्या भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर डचमळते आणि गाडीला ढकलते.

जादा इंधनाची गरज खरोखर आहे का, हेही मोजून पाहावे. जिम्नीची टाकी ४० लिटरची आहे. डोंगरात लिटरला १२ किलोमीटर धरले, तरी ४८० किलोमीटरची सोय टाकीतच आहे. वाटेवरच्या पंपांमधील अंतर त्याहून बरेच कमी असेल, तर कॅनची गरज नाही. नेणे भागच असेल, तर पेट्रोलियम कायदा, १९३४ ची मर्यादा ध्यानात ठेवावी. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना ३० लिटरपर्यंतच बाळगता येते, आणि धातूचे भांडे २५ लिटरहून मोठे चालत नाही. भांड्याचे बूच घट्ट हवे. इंधनाची वाफ प्रवाशांच्या जागेत साचू नये, म्हणून कॅन आत ठेवू नये. तो काठोकाठ भरू नये, कारण उष्णतेने व उंचीवर आतील दाब वाढतो. शेवटच्या पंपावर कॅन भरावा आणि टाकीत तेवढी जागा होताच तो टाकीत ओतावा, म्हणजे हा धोका टपावर कमीत कमी काळ राहतो.

बांधणी

चांगले कॅरिअर घेऊन त्यावर नायलॉनच्या दोरीने सामान बांधणे म्हणजे अर्धेच काम करणे. ओली झाली की ती दोरी ताणते आणि गाठ सैल पडते. हूक असलेले रबरी दोर ताडपत्री फडफडू नये एवढ्यापुरते ठीक. वजन धरण्यासाठी ते नाहीत. त्यासाठी विणलेले पट्टे हवेत, रॅचेटचे किंवा साध्या बकलाचे, ज्यांवर किती भार पेलतात हे छापलेले असते. मालवाहतुकीच्या युरोपीय मानकानुसार सामानाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढच्या दिशेने, तर ५० टक्के जोर बाजूंना व मागे लागेल असे धरून बांधणी केली जाते. हे डांबरी रस्त्यासाठी; आडवाटेवर वर उसळणाऱ्या सामानाचाही विचार हवा. प्रत्येक मोठ्या वस्तूला किमान दोन पट्टे असावेत आणि ते कॅरिअरच्या मुख्य दांड्यांना बांधावेत, कठड्याच्या बारीक नळ्यांना नव्हे. ताडपत्रीचे तोंड मागच्या बाजूला ठेवावे, म्हणजे वारा तिच्यात शिरत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या व नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. कायद्याच्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे गाडीच्या मूळ वैशिष्ट्याला धक्का देणारा रचनेतील फेरफार असे म्हटले आहे. टप कापणे, सांगाड्याला वेल्डिंग करणे अशी कामे त्यात सहज येऊ शकतात. म्हणून उत्पादकाच्या अधिकृत यादीतील, बोल्टने बसणारे व निघणारे कॅरिअर हा सर्वांत निर्धोक मार्ग. त्याची पावती जपावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. पुढच्या लोखंडी ‘क्रॅश गार्ड’ला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली आहे, हेही साहित्याची यादी करताना लक्षात असू द्यावे.

सामान गाडीच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीपलीकडे गेले, तर कलम १९४ खाली वीस हजार रुपये दंड आहे. आणि कलम १२३ नुसार कोणीही गाडीच्या टपावर बसून प्रवास करू शकत नाही. जंगलात वा समुद्रकिनारी ‘थोडा वेळ’ म्हणून मुलांना कॅरिअरवर बसवण्याची हौस कायद्याने गुन्हा आहे, आणि तोलाच्या गणितानेही ती तितकीच चुकीची आहे.

पहिली शंभर किलोमीटर

नवे कॅरिअर बसवल्यावर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सर्व नटबोल्ट पुन्हा आवळावेत. खडबडीत वाटेवर रोज सकाळी हात फिरवून पाहावेत. शिट्टीसारखा आवाज, कटकट किंवा पट्ट्यांची फडफड ऐकू आली, तर ती पुढच्या मुक्कामापर्यंत टाळू नये. लांबच्या प्रवासाआधी भरलेली गाडी घेऊन एखाद्या ओळखीच्या घाटात एक फेरी मारावी. वळणावर ती किती झुकते, ब्रेक लावल्यावर थांबायला किती अंतर घेते, हे चालकाला तेथे कळते आणि वेग किती कमी ठेवायचा, याचा अंदाज येतो.

या फेरीनंतर बहुतेक घरांत सामानाची यादी पुन्हा काढली जाते आणि तिच्यातील काही ओळी खोडल्या जातात. दुसरी शेगडी, चौथी खुर्ची, वापरात न येणारा लोखंडी जॅक वगळला जातो. वगळलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर गाडीचा तोल थोडा पूर्ववत होतो. कित्येकदा असेही ध्यानात येते की उरलेले सारे सामान आतच मावते आणि कॅरिअरची गरज या खेपेला तरी नाही. खरेदीपूर्वीच हे कळले, तर ती बचत सर्वांत मोठी.